लोहचुंबक घेऊन रत्नागिरीला

रत्नागिरीला जाताना पिशवीत एक लोहचुंबक टाका. बिघडलेल्या स्पीकरमधून काढलेला चालेल, मुलांच्या खेळण्यातला चालेल. तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि मांडवीच्या किनाऱ्यावर, ओहोटीनं नुकत्याच मोकळ्या केलेल्या काळ्या वाळूवरून हलकेच फिरवा. वर उचललात की पिशवीला खालून बारीक काळे कण लटकलेले दिसतील. एकमेकांच्या टोकाला धरून उभे राहिलेले, चुंबक फिरवला की एकदम वळणारे. पिशवीतून चुंबक बाजूला घेतला की सगळे कण झरझर खाली. मग पुन्हा. हा खेळ मोठ्या माणसांनाही लवकर सोडवत नाही.

हे कण डोंगरातून आलेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास दख्खनवर लाव्हाचे थरावर थर साचले आणि थिजून काळा पाषाण झाला. सह्याद्री त्याच पाषाणाचा. त्याच्या पोटात मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट या खनिजांचे दाणे आहेत. मॅग्नेटाइट हे लोखंडाचं खनिज, चुंबकाला धावून चिकटणारं. इल्मेनाइटमध्ये लोखंडाच्या जोडीला टायटॅनियम. पावसानं डोंगर झिजवला, काजळीसारख्या नद्यांनी गाळ खाली आणला आणि पुढचं काम समुद्रानं हाती घेतलं. लाट किनाऱ्यावर चढते तेव्हा जोरात असते, हलकं-जड सगळं वर लोटते. परतताना तिच्यात तेवढा जोर उरत नाही. शिंपल्यांचा चुरा आणि इतर हलके कण ती ओढून नेते. पाण्याच्या साडेचार-पाच पट जड असलेले हे काळे दाणे मात्र जागीच राहतात. लाट वाळू पाखडते, दिवसरात्र, आणि सुपात धान्य उरावं तशी काळी वाळू उरते. मला त्याहून नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. या इल्मेनाइटपासून टायटॅनियम डायऑक्साइड काढतात, आणि भिंतींच्या शुभ्र रंगाला शुभ्रपणा येतो तो त्याच्यामुळे. घराघरातल्या पांढऱ्या भिंतींचं मूळ असल्या काळ्याकुट्ट वाळूत असतं.

गावकरी मांडवीच्या बाजूला काळा समुद्र म्हणतात. रत्नदुर्ग किल्ल्याचं भूशिर ओलांडून उत्तरेला गेलं की पांढरा समुद्र. मध्ये जेमतेम एक डोंगर, आणि दोन्हीकडची वाळू वेगळी. पाणी एकच, पण भूशिराच्या दोन अंगांना लाटांचा कोन वेगळा, जोर वेगळा, येऊन पडणारा गाळ वेगळा. एकाच सकाळी दोन्हीकडची मूठमूठ वाळू एका पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवून पाहा. भिंग असेल तर फारच छान.

मग किल्ल्यावर चढा. तिन्ही बाजूंनी समुद्र, बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ, दक्षिणेच्या टोकाकडे दीपगृह. बहुतेक लोक इथून सूर्यास्त पाहतात. तो पाहाच, पण त्याआधी अर्धा तास लाटांच्या रेषा पाहा. खोल पाण्यातून येताना त्या सरळ असतात. भूशिराजवळचा तळ उथळ झाला की तिथला लाटेचा भाग मंदावतो, बाजूचा खोल पाण्यातला भाग पुढेच धावत राहतो, आणि बघता बघता अख्खी लाट वाकून भूशिराला दोन्ही बाजूंनी मिठी मारते. त्यामुळे समुद्राचा सगळा मार टोकावर एकवटतो आणि आत शिरलेल्या बाकात मात्र लाट पसरट, सौम्य होऊन पोचते. म्हणून टोकावर उघडा कातळ आणि बाकात पुळण. कोकणचा सगळा किनारा असा कातळ, पुळण, कातळ, पुळण का आहे, याचं बरंचसं उत्तर या तटावरून डोळ्यांनी दिसतं. किल्ल्याच्या खाली समुद्राच्या बाजूला मोठी गुहा आहे. ती याच माऱ्याची. कातळाचा नरम भाग आधी निघतो, भेगेत शिरलेली हवा लाटेच्या दाबानं आवळली जाते आणि लाट मागे हटली की उसळून बाहेर पडते. दर लाटेला एक ठोसा, हजारो वर्षं.

रत्नागिरी मला अशी दिसते: दगड आणि पाणी यांच्यात अजून चालू असलेला व्यवहार. तिथं जे जे पाहायला लोक जातात, ते ते या व्यवहारातून निघालेलं आहे. आंबा, मासळी, घरं, देवळं, एका परक्या राजाचा राजवाडासुद्धा.

दगड म्हणजे जांभा. आधी सांगितलेल्या काळ्या पाषाणाचंच हे दुसरं रूप. उष्ण हवा आणि मुसळधार पाऊस लाखो वर्षं त्या पाषाणावर पडत राहिला, त्यातली विरघळणारी द्रव्यं आणि बरीचशी सिलिका धुऊन गेली, आणि मागे राहिलं लोखंड आणि अॅल्युमिनियम. लोखंड गंजलं. जांभ्याचा तो तांबडा रंग म्हणजे गंजाचाच. कोकणातले सपाट माथे, ज्यांना आपण सडे म्हणतो, ते या गंजलेल्या दगडाचे आहेत. चिरेखाणीत ताजा जांभा हत्यारानं सहज कापला जातो. बाहेर काढून उन्हावाऱ्यात ठेवला की त्यातलं पाणी उडतं, लोहाचे कण घट्ट होतात आणि चिरा कठीण होत जातो. फ्रान्सिस ब्युकॅनन या ईस्ट इंडिया कंपनीच्या पाहणी अधिकाऱ्यानं केरळात अशीच खाण पाहिली आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून या दगडाला लॅटेराइट हे नाव दिलं. जगभरच्या भूगर्भशास्त्रात ते रूढ झालं. कोकणातल्या गवंड्याला त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं की कोवळा चिरा भिंतीत घालायचा नसतो, त्याला ऊन खाऊ द्यायचं असतं.

टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर आहे. २३ जुलै १८५६ ही तारीख शाळेत पाठ केलेली असते. इथं आल्यावर त्या तारखेभोवतीचं घर दिसतं. उतरतं कौलारू छप्पर, आतला गारवा, ओटी, मागे माड. जुलै म्हणजे इथं पावसाचा ऐन भर. वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस घेणाऱ्या गावात घर आधी छपराचा विचार करतं, मग भिंतींचा.

एवढा पाऊस जातो कुठे? जांभा भोकाभोकांचा. पाणी तो पिऊन टाकतो, खाली उतरू देतो. पण त्याच्याखाली चिकण मातीचा थर असतो, आणि तिथं पाण्याची वाट अडते. मग ते आडवं सरकतं आणि सड्याच्या पायथ्याशी कुठेतरी झरा होऊन बाहेर येतं. भाट्याच्या किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला झरी विनायकाचं देऊळ आहे. समोर खारा समुद्र, आणि पाठीमागच्या डोंगरातून गोडं पाणी. त्या झऱ्याच्या पाण्यात हात घालाल तेव्हा वरचा सडा डोळ्यांपुढे आणा; हे पाणी वरच्या दगडातून गाळून आलेलं आहे. भाट्याची पुळण लांबच लांब, मागे सुरूचं बन, आणि जवळच नारळ संशोधन केंद्र. माड वाळूत, खाऱ्या वाऱ्यात कसा तग धरतो, उंच आणि ठेंगण्या जातींचा संकर का करतात, हे विचारायला तिथं जरूर जावं.

हापूसही या दगडाचाच. पाणी साचू न देणारी जमीन, मुळांना लागेल तेवढीच ओल आणि समुद्रावरून येणारी दमट, उबदार हवा. कलम बांधण्याची रीत पोर्तुगीजांनी इथं रुजवली आणि आंब्याला त्यांच्या अफोन्सो दि अल्बुकर्कचं नाव चिकटलं. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बागेत जायची संधी मिळाली तर बागायतदाराला साक्याबद्दल विचारा. वरून निर्दोष दिसणारं फळ कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखं का निघतं, यावर संशोधकांनी वर्षानुवर्षं डोकं लावलं आहे. त्यांना सापडलेलं एक कारण विलक्षण आहे: फळ झाडावर असतानाच आतली कोय रुजायची तयारी करू लागते आणि त्यासाठी गरातला कस ओढून घेते. आपल्याला वाटतं आंबा आपल्यासाठी पिकतो. कोयीचं म्हणणं वेगळं असतं.

आता तो राजा. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेश जिंकला, मंडालेच्या राजवाड्यातून थिबा राजाला आणि राणी सुपयालतला बाहेर काढलं आणि १८८६ साली मद्रासमार्गे रत्नागिरीत आणून ठेवलं. का रत्नागिरी? पाठीशी सह्याद्रीचे घाट, समोर समुद्र, रेल्वे नाही, आणि पावसाळ्यात बोटी बंद. चार महिने हे गाव आपोआप कुलूपबंद व्हायचं. कैदखान्याच्या भिंती बांधायला सरकारला एक चिराही लागला नाही. आपण ज्याला निसर्गसौंदर्य म्हणून पाहायला जातो, त्याचा नकाशा साम्राज्यानं कसा वाचला होता, हे समजलं की त्या देखाव्याकडे बघण्याची नजर बदलते.

आज आपण ज्याला थिबा पॅलेस म्हणतो तो राजवाडा १९१० साली तयार झाला, म्हणजे राजा आल्यावर जवळजवळ पाव शतकानं. जांभ्याच्या मुलखात ब्रह्मी वळणाची इमारत, उतरती छपरं, अर्धवर्तुळाकार खिडक्या, सागवान. आत आता संग्रहालय आहे. जवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी, काजळीचं मुख आणि उघडा समुद्र एका नजरेत येतात. राजा दुर्बिणीतून ये-जा करणारी जहाजं पाहत बसायचा असं सांगतात. डिसेंबर १९१६ मध्ये तो इथंच वारला. राणीला १९१९ साली मायदेशी परत जाऊ दिलं. राजाची समाधी रत्नागिरीतच राहिली. थोरली राजकन्याही पुढे इथंच राहिली, तिनं इथल्याच माणसाशी संसार केला, आणि कोनबाँग घराण्याच्या शेवटच्या राजाची नात मराठी बोलत वाढली. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन त्या समाधीपुढे येऊन उभे राहिले. संग्रहालय पाहून लोक परततात. समाधीपर्यंत फार थोडे जातात. तुम्ही जा.

सावरकरांनाही १९२४ ते १९३७ याच जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवलं होतं. त्या काळातली खूण म्हणजे १९३१ साली सर्व जातींच्या हिंदूंसाठी उघडलेलं पतितपावन मंदिर. ते बांधणारे भागोजी कीर रत्नागिरीचेच, गरिबीतून वर आलेले.

पाण्याकडे वळू. रत्नागिरीत काय पाहायचं हे कोणीही सांगेल, पण कधी पाहायचं हे समुद्र ठरवतो, आणि त्याचं वेळापत्रक घड्याळात नसून कालनिर्णयात असतं. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशोब असा: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ निघते. प्रतिपदेला पाऊण, द्वितीयेला दीड, तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. दिवसा एक भरती, त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी दुसरी. पाढ्यांतली पाऊणकी ज्यांना तोंडपाठ होती, त्यांना याहून अधिक काही लागायचं नाही.

हे का जमतं, ते पाहा. तिथी म्हणजे काय, तर चंद्र सूर्यापासून आकाशात बारा अंश पुढे सरकायला लागणारा काळ. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचं, त्याचा तिसावा भाग. चंद्र असा पूर्वेकडे जितका सरकतो तितकी त्याची डोक्यावर यायची वेळ उशिरा. चोवीस तासांचा तिसावा भाग काढा: अठ्ठेचाळीस मिनिटं. म्हणजे दर तिथीला भरती अठ्ठेचाळीस मिनिटं पुढे ढकलली जायला हवी. जुन्या माणसांनी पंचेचाळीस धरली, कारण पाऊण तासाचा हिशोब चालता चालता होतो. पंधरा दिवसांत जी चूक साचते ती पाऊण तासाची, आणि अमावास्या-पौर्णिमेला हिशोब पुन्हा पहिल्यापासून. मुंबईत पौर्णिमेची भरती बाराच्या आसपास येते. रत्नागिरीत त्याहून थोडी आधी, कारण आपल्या किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते. जाता जाता ती उंचही होते. रत्नागिरीला उधाणात पाणी दोन-अडीच मीटर चढतं-उतरतं, मुंबईला त्याच्या जवळपास दुप्पट, आणि खंबातच्या आखातात तर दहा मीटरच्या घरात. उत्तरेकडे समुद्राखालचा उथळ तळ रुंद होत जातो, आखात निमुळतं होतं, आणि तेवढंच पाणी कमी जागेत कोंबलं गेलं की वर चढण्यावाचून त्याला गती नसते.

अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण. अष्टमीला ते काटकोनात असतात, एकमेकांचा जोर कापतात, तेव्हा भांग. किनाऱ्यावर कालवं काढणाऱ्या बायका यावरच दिवस ठरवतात. अष्टमीला एखादीला विचारून पाहा, "मावशी, आज कालवं काढायला जाणार का?" उत्तर येईल, "आज कुठली? भांगाचं पाणी, खडक उघडायचे नाहीत."

म्हणून रत्नागिरीला जायचा दिवस निवडता येत असेल तर अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आगेमागे निवडा. तेव्हा ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी येते, आणि एरवी पाण्याखाली असलेला कातळ उघडा पडतो. त्या कातळावर आडवे पट्टे दिसतील. सगळ्यात वर, जिथं लाटेचे जेमतेम तुषार पोचतात, तिथं चिमुकल्या गोगलगायी. त्यांच्याखाली दगडाला कायमचे चिकटलेले, डोंगरासारख्या कवचाचे बार्नेकल. ओहोटीत दार लावून घेतात, भरतीत दार उघडून पिसासारखे पाय बाहेर काढतात आणि पाण्यातलं अन्न ओढतात. त्याखाली कालवं. अगदी खाली, क्वचितच उघडं पडणाऱ्या भागात, समुद्रफुलं आणि स्पंज. किती तास कोरडं राहणं सोसेल आणि शेजारी किती दांडगा आहे, यावर प्रत्येकाची पायरी ठरलेली. कातळावरचा हा जिना वाचता आला की पंचांग न पाहताही भरती कुठवर येते ते सांगता येतं. दगड उलटा केलात तर पुन्हा होता तसा ठेवा. त्याच्या खालच्या बाजूला राहणाऱ्यांना ऊन सोसत नाही. आणि भरती सुरू झाली की रेंगाळू नका.

मिरकरवाडा बंदरावर सकाळी जा. लिलाव चालू असतो, पाट्या सरकत असतात, कोणाला वाटेत उभं राहून फोटो काढायला वेळ नसतो, तेव्हा कडेला उभे राहा. बांगडा नीट पाहा: पाठ हिरवट-निळी आणि अंगाच्या लांबीनं जाणाऱ्या काळसर रेघांची, पोट चांदीचं. वरून पाहणाऱ्या पक्ष्याला ती पाठ गढूळ पाण्यात हरवते. खालून पाहणाऱ्या सुरमईला ते पोट उजेडात हरवतं. नुकतंच आलेलं म्हाकूल दिसलं तर सगळं सोडून त्याच्याजवळ जा. त्याच्या कातडीवर तपकिरी-लाल ठिपके असतात, आणि ते अजूनही मोठे-लहान होत असतात. प्रत्येक ठिपका म्हणजे रंगाची इवलीशी पिशवी. तिच्याभोवतीचे स्नायू ताणले की ती पसरते, सैल पडले की मिटते. जिवंतपणी हे जनावर क्षणात अंगाचा रंग बदलतं. पाटीत पडल्यावरही काही वेळ ते रंग लुकलुकत राहतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, बंदरात होड्या दाटीनं उभ्या असतात. पावसाळी वादळांपासून माणसं वाचावीत आणि माशांना वीण घालायला उसंत मिळावी, म्हणून. श्रावणी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला जातो.

झाडगावला सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे. मुलं रंगीत माशांपाशी रमतील. त्यांना हाताला धरून देवमाशाच्या सांगाड्यापाशी न्या आणि पुढच्या पराच्या आतली हाडं दाखवा. खांदा, कोपर, मनगट, बोटं: आपल्या हातात आहेत तीच. जमिनीवरून पुन्हा पाण्यात गेलेल्या प्राण्यानं जुनी हाडं टाकली नाहीत, त्यांचाच पर करून घेतला.

गणपतीपुळ्याकडे जायचं असेल तर आरे-वारेच्या किनारी रस्त्यानं जा. वरून दिसणाऱ्या त्या दोन पुळणींबद्दल सगळेच सांगतात. मी अंधार पडल्यानंतरचं सांगतो. हिवाळ्यात काही रात्री तिथं, आणि कोकणात इतरही ठिकाणी, फुटणारी लाट निळी पेटते. नॉक्टिल्यूका नावाचा एकपेशीय जीव लाखोंनी जमलेला असतो. प्रत्येक जीव टाचणीच्या डोक्याहून लहान. पाणी ढवळलं गेलं की त्याच्या पेशीच्या आवरणावर ताण येतो, आत रसायनांची साखळी सुटते आणि सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळ निळा उजेड पडतो. पुढे सरकून ओल्या वाळूवर पाय ठेवलात तर पावलाभोवती ठिणग्या. चांदण्याची रात्र यासाठी वाया गेलेली समजा; अमावास्येच्या आसपास जा आणि मोबाइलचा उजेड बंद ठेवा. दिसेलच असं नाही. याच जिवाची दाट गर्दी झाली की पाण्यातला प्राणवायू घटतो, हेही ध्यानात ठेवण्यासारखं. गणपतीपुळ्याच्या थोडं पुढे मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे. कवितेवर प्रेम असणाऱ्यानं ते चुकवू नये.

शेवटी पुन्हा वर, सड्यावर. उन्हाळ्यात सडा म्हणजे तापलेला तवा वाटेल, पण पहिल्या सरींनंतर महिनाभरात तिथं जे उगवतं ते पाहायला मी कोणालाही आग्रहानं पाठवीन. कातळावर माती बोटभर, आणि तीही नत्र कमी असलेली. म्हणून इथल्या काही वनस्पती शिकार करतात. दवबिंदूच्या पानावरचे चिकट थेंब चिलटांना धरून ठेवतात. सीतेची आसवं हे नाजूक जांभळं फूल दिसतं तेवढं निष्पाप नाही. त्याच्या मुळाशी पाण्यात बारीक पिशव्या असतात, आणि केसाला धक्का लागताच पिशवीचं दार उघडून शिकार आत खेचली जाते, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. डोळ्याचं पातं लवायला याच्या शंभरपट वेळ लागतो. पांढऱ्या फुलांची दीपकाडीही इथं भेटते. कोकण आणि गोव्याच्या सड्यांपलीकडे ती जगात कुठेच नाही.

आणि याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. गुराखी त्यांच्यावरून चालत होते, काही गावांना ती ठाऊकही होती, पण त्यांचा पसारा केवढा आहे हे कळलं ते सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई या रत्नागिरीकरांनी नेटानं गावोगावचे सडे पालथे घातल्यावर. जमिनीवर, आडव्या कातळात कोरलेले हत्ती, वाघ, हरणं, माणसं, आणि अर्थ न लागणाऱ्या चौकटींतल्या गुंतागुंतीच्या आकृत्या. राजापूर तालुक्यात कशेळीला एक हत्ती आहे, सुमारे अठरा मीटर लांब, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले. बारसूला दोन वाघांच्या मध्ये उभा माणूस. काही ठिकाणी एकशिंगी गेंडा. आज कोकणात गेंडा नाही. ज्यानं तो कोरला त्यानं तो पाहिलेला असणार, म्हणजे तेव्हाचा हा मुलूख वेगळा होता, अधिक पाणथळ, गवताळ. २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत कोकणातली नऊ ठिकाणं गेली, त्यातली सात रत्नागिरी जिल्ह्यातली.

कोणी कोरली, नेमकी कधी, हा शोध चालू आहे. दगडात कोरलेल्या रेषेचं वय काढणं अवघड. अंदाज मध्याश्मयुगापर्यंत, दहा हजार वर्षांपर्यंत मागे जातात. तो काळ धरला तर एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. हिमयुग ओसरत होतं, उत्तरेकडचा बर्फ पूर्ण वितळलेला नव्हता आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा चाळीसेक मीटर खाली होती. आपल्या किनाऱ्यासमोरचा तळ उथळ असल्यामुळे पाणी कितीतरी किलोमीटर पश्चिमेला असणार. आज ज्या सड्यावरून समुद्र दिसतो, तिथून तेव्हा दूरवर सखल जमीन दिसत असेल, आणि आज जिथं मिरकरवाड्याच्या होड्या जाळी टाकतात तिथं हरणं चरत असतील. तरीही सड्यावरच्या चित्रांत शार्क आहे, पाकट मासा आहे. कोरणारे समुद्रापर्यंत जात होते, मासे ओळखत होते आणि त्यांची चित्रं करायला पुन्हा वर, या दगडापाशी येत होते.

ही शिल्पं पाहायला रत्नागिरीहून सगळ्यात सोयीचं गाव उक्षी. तिथल्या हत्तीभोवती गावानं दगडी कठडा बांधून घेतला आहे, त्यावरून नीट पाहता येतो. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा. माथ्यावर सूर्य असताना रेषा सावली धरत नाहीत आणि कातळ नुसता कातळच दिसतो. तिरप्या उन्हात आधी पाठीचा बाक दिसतो, मग सोंड. रेषांवर पाय देऊ नका, त्या उठून दिसाव्यात म्हणून खडू किंवा चुना भरू नका. वेळ असेल तर जांभरूण, आणि अख्खा दिवस काढता आला तर कशेळी. सड्यावर जाण्याआधी गावात विचारा. वाट दाखवायला कोणीतरी निघतंच.